डेबियन टाकताना टिक कुठे मारायची आणि कुठे नाही

गेल्या पावसाळ्यात लोकमान्य नगरातले एक काका लॅपटॉप काखेत मारून आमच्याकडे आले. स्वतःच डेबियन (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट लिनक्स सिस्टिम) टाकलं होतं, आणि आता "चालतच नाही गं" अशी तक्रार. चालू करून बघितलं तर डेस्कटॉप दिसेपर्यंत माझा अर्धा चहा संपला. लॉगिनच्या पानावर चार वेगवेगळे डेस्कटॉप (म्हणजे खिडक्या-मेनूंचे चार वेगळे संच), मेनूत तीन टर्मिनल (कमांड टाइप करायच्या खिडक्या), चार फाईल मॅनेजर, आणि मागे गुपचूप एक वेब सर्व्हरपण चालू. मशीन ४ जीबी रॅमचं. म्हटलं काका, हे काय केलंत? तर म्हणाले, "सगळं फुकटच आहे ना, मग टिक कशाला सोडायची?"

हे फक्त काकांचं नाही. रामबागेतल्या आमच्या घरी महिन्याला दोन-तीन जुने लॅपटॉप येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं ह्याच एका स्क्रीनवर अडलेलं असतं. पार्टिशनला (डिस्कचे भाग पाडण्याला) सगळे घाबरतात म्हणून तिथे नीट वाचतात, आणि सॉफ्टवेअर निवडायचा स्क्रीन येतो अगदी शेवटी, तोवर जीव कंटाळलेला असतो, मग दिसेल ते टिक करायचं नाहीतर काहीच न बघता एंटर दाबून मोकळं व्हायचं. तो स्क्रीन म्हणजे दुकान नाही हो. तिथे फक्त घराचा पाया ठरवायचा, भांडीकुंडी नंतर आणता येतात.

खालचं सगळं डेबियन १२ आणि १३ ला धरून आहे. कमांड मी फोनवर सांगते तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरांत करायच्या, आणि जिथे "हायफन" म्हटलंय तिथे आडवी रेघ, आजूबाजूला स्पेस न देता. स्पेस लागेल तिथे मी सांगेन.

१. आधी कागद घ्या, पेनड्राइव्ह नंतर

कागदावर चार गोष्टी लिहा. रॅम किती, डिस्क किती आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, वाय-फाय कुठल्या कंपनीचं, आणि मशीन ६४ बिट आहे की ३२. विंडोज अजून चालू असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये रॅम, डिस्क आणि वाय-फाय दिसतं, बिटचं सेटिंगमधल्या अबाउटमध्ये कळतं. तिथे "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, ६४ बिट प्रोसेसर" असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, आपल्याला प्रोसेसरशी मतलब.

३२ बिट प्रोसेसर असेल तर डेबियन १३ विसरा, त्याचा ३२ बिट इन्स्टॉलरच येत नाही. १२ घ्या.

मग त्याच कागदावर पाचवी ओळ लिहा: ह्या मशीनवर रोज काय होणार? "ब्राउझर, पत्रं टाइप करणं, व्हिडिओ" एवढंच असेल तर एवढंच लिहा. "पुढेमागे लागेल" ही वस्तू कागदावर येता कामा नये. काकांच्या चार डेस्कटॉपपैकी तीन "पुढेमागे"च होते.

२. कुठली इमेज डाउनलोड करायची

इमेज म्हणजे पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलची फाईल. डेबियनच्या अशा तीन प्रकारच्या फाईली लोक उचलतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

नेटइन्स्ट लहान असते, एक जीबीच्याही आत. तिच्यात फक्त पाया असतो, डेस्कटॉप वगैरे सगळं इन्स्टॉल चालू असताना इंटरनेटवरून येतं. म्हणजे घरी बरं नेट हवं.

डीव्हीडीवाली मोठी, साधारण पावणेचार जीबी. नेट नसलं तरी हिच्यातून डेस्कटॉप टाकता येतो.

लाइव्ह इमेज वेगळ्या जातीची. हिच्यात डेस्कटॉप आधीच ठरलेला असतो आणि नेहमीच्या इन्स्टॉलरमधून तो जसाच्या तसा डिस्कवर उतरतो. "मला तो टिकवाला स्क्रीन आलाच नाही" असं म्हणणारे बहुतेक सगळे लाइव्हवाले निघतात. चूक काही नाही त्यात, पण मग पॅकेज (डेबियनमध्ये प्रोग्रॅम ज्या गाठोड्यात येतो ते) निवडायचा हा लेख पायरी ७ पासून वाचा.

माझं मत विचाराल तर घरी ब्रॉडबँड असेल तर नेटइन्स्ट. नको ते डाउनलोडच होत नाही.

पेनड्राइव्ह रुफसने (इमेज पेनड्राइव्हवर चढवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) बनवत असाल तर तो विचारतो आयएसओ मोड की डीडी मोड, डीडी निवडा. आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आधी काढून घ्या. (अनुभव आहे.)

तपासा: डाउनलोड झालेल्या फाईलचा एसएचए२५६ आकडा (फाईल धड उतरली का ते ओळखायची खूण) डेबियनच्या पानावरच्या आकड्याशी जुळतोय ना. अर्धवट उतरलेल्या फाईलने इन्स्टॉल सुरू होतं आणि मध्येच पॅकेज खराब असल्याची रड चालू होते.

३. नेटचा बंदोबस्त

शक्य असेल तर राउटरची वायर थेट लॅपटॉपला लावा. वाय-फायचं फर्मवेअर (कार्ड चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) डेबियन १२ पासून इमेजमध्येच येतं त्यामुळे पूर्वीइतका त्रास राहिला नाही, तरी काही जुनी ब्रॉडकॉम कार्डं अजून तोंड फिरवतात. वायर नसेल तर ॲन्ड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, इन्स्टॉलर त्याला बहुतेक वेळा साधं वायरवालं नेट समजून घेतो. फोनवरून करणार असाल तर दिवसाचा डेटा किती उरलाय ते बघून बसा, ग्नोम नावाचा पूर्ण डेस्कटॉप म्हटला की एक जीबीच्या वर सहज जातं.

आणि चार्जर लावून ठेवा. आमच्याकडे इंदूरला पहिला पाऊस पडला की लाईट गेलीच समजा, आणि पॅकेज उतरत असताना डेस्कटॉप पीसी बंद पडला तर पुन्हा श्रीगणेशा. लॅपटॉपला निदान बॅटरी असते, पीसी असेल तर यूपीएसशिवाय बसू नका.

४. सॉफ्टवेअरच्या आधीचे स्क्रीन, जे नंतर रडवतात

भाषा विचारतात तिथे मराठी आहे, ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये दिसते. मराठी निवडलीत तर मराठीचं पॅकेज आपोआप येतं, छान आहे. पण एक खोच आहे. कीबोर्डच्या स्क्रीनवर कुठला लेआउट लागलाय ते न बघता पुढे गेलात तर पासवर्ड भलत्याच अक्षरांत पडू शकतो, आणि तिथे फक्त ठिपके दिसतात. नंतर लॉगिन होत नाही म्हणून डोकं धरून बसायचं. म्हणून मी कीबोर्ड नेहमी अमेरिकन इंग्लिशच ठेवते, मराठी टायपिंग मागून लावते, पायरी ८ मध्ये सांगते कसं.

मग रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड. दोन्ही रकाने रिकामे सोडा. हो, रिकामे. रिकामे सोडले की रूटचं खातं बंद राहतं आणि तुमच्याच खात्याला सुडोचा, म्हणजे गरजेपुरतं रूट होऊन कमांड चालवायचा अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड टाकलात तर सुडोचा अधिकार मिळत नाही, आणि मग पुढची प्रत्येक कमांड "तुम्ही सुडोअर्समध्ये नाही" म्हणून परत पाठवते.

पार्टिशन: नवीन असाल तर "सगळ्या फाईली एकाच पार्टिशनमध्ये". होम, व्हार, टेम्प वेगवेगळं करायचा पर्याय ऐकायला शहाणपणाचा वाटतो पण लहान डिस्कवर सिस्टिमच्या वाट्याला जागा कमी येते आणि पॅकेज टाकता टाकता डिस्क भरली म्हणून अडतं. डेबियनच्या १२ च्या मार्गदर्शकात डेस्कटॉपसकट किमान १० जीबी दिलेत, मी २५ च्या खाली जात नाही.

थांबा: पार्टिशन लिहायचं शेवटचं "होय" दाबायच्या आधी डिस्कचं नाव आणि साईज कागदाशी ताडून बघा. पेनड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही त्या यादीत दिसतात.

५. मिररचे प्रश्न

पाया उतरला की इन्स्टॉलर विचारतो, आणखी मीडिया तपासायचं का? डीव्हीडी एकच असेल तर नाही म्हणा. मग नेटवर्क मिरर (डेबियनची पॅकेजं ठेवलेला इंटरनेटवरचा सर्व्हर) वापरायचा का? नेटइन्स्ट असेल तर होय म्हणायचंच, इथे नाही म्हटलं तर डेस्कटॉप येणार कुठून! लोक इथे "नको ती भानगड" म्हणून नाही दाबतात आणि मग काळा स्क्रीन बघत बसतात.

देश भारत, आणि मिररच्या यादीत डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग. जवळचा म्हणून कुठल्यातरी कॉलेजचा निवडायचा मोह होतो, पण तो त्या दिवशी चालू असेलच असं नाही. हा पत्ता स्वतःच तुम्हाला जवळच्या सर्व्हरकडे वळवतो.

प्रॉक्सी रिकामी. तिथे वाय-फायचा पासवर्ड टाकणारे तीन जण मी स्वतः बघितलेत.

त्यानंतर पॅकेज वापराच्या सर्वेक्षणात भाग घ्यायचा का असं विचारतात. तुमची मर्जी, इन्स्टॉलवर काही फरक पडत नाही.

६. तो स्क्रीन

आता नीट बसा. "सॉफ्टवेअर निवड" असा स्क्रीन येतो. वरच्या ओळीत डेबियन डेस्कटॉप एनव्हायर्नमेंट, त्याच्या खाली ठिपके देऊन ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी वगैरे, आणि खाली वेब सर्व्हर, एसएसएच सर्व्हर, स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज.

सगळ्यात आधी बोटांची गोष्ट. टिक लावायची आणि काढायची ती स्पेसबारने, वरखाली बाणाने. एंटर म्हणजे "झालं, पुढे चला". माझ्या मावसभावाने एक्सएफसीईवर बाण नेला आणि एंटर दाबला, त्याला वाटलं निवडलं. निवडलं काहीच नव्हतं, ग्नोमची टिक आधीपासून होती ती तशीच राहिली आणि डाउनलोड सुरू. फोन केला तेव्हा म्हणे "ताई, ते थांबतच नाही."

आता ओळीने.

डेबियन डेस्कटॉप एनव्हायर्नमेंट: घरचं मशीन असेल तर टिक राहू द्या. पण फक्त हीच टिक ठेवून खालचं काहीच निवडलं नाही तर ग्नोम येतो, हे लक्षात असू द्या.

ग्नोम: ही टिक आधीपासून लागलेली असते आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. लोक खाली जाऊन एक्सएफसीईवर टिक लावतात, ग्नोमची काढत नाहीत, दोन्ही येतात. हलका डेस्कटॉप हवा असेल तर आधी ग्नोमची टिक काढा, मगच आपल्याला हवी ती लावा, ह्याच क्रमाने, म्हणजे विसरणार नाही.

कुठला डेस्कटॉप? कागद काढा. २ जीबी रॅम असेल तर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई, आणि ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच टॅब उघडायची सवय. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा माटे. ४ जीबी आणि एसएसडी असेल तर सिनॅमनही बरा चालतो, विंडोजवरून आलेल्या माणसाला तो पटकन कळतो. ८ जीबी किंवा वर असेल तर मनाला येईल ते, ग्नोम, केडीई, काहीही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर मी एक पायरी खालीच जाते. खरं तर त्यापेक्षा जेल रोडवर जाऊन लहानशी एसएसडी आणावी, पण तो वेगळा विषय झाला.

एकच डेस्कटॉप. "दोन्ही टाकून बघते, आवडेल तो ठेवते" असं करू नका. प्रत्येक डेस्कटॉप आपला फाईल मॅनेजर, आपला टर्मिनल, आपला एडिटर, आपली सेटिंगची पेटी घेऊन येतो, लॉगिनचं पानही कोणाचं राहणार ह्यावर प्रश्न येतो, आणि नंतर एक काढायला गेलं की दुसऱ्याचंही काहीतरी निसटतं. बघायचंच असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवर बघा, डिस्कला हात न लावता.

वेब सर्व्हर: नाही. इंटरनेट बघायला हा लागत नाही! नावात वेब आहे म्हणून टिक मारणारे खूप. हा अपॅची टाकतो, म्हणजे तुमचं मशीन दुसऱ्यांना पानं वाढायला बसतं.

एसएसएच सर्व्हर: दुसऱ्या मशीनवरून ह्यात शिरायचं असेल तरच. घरी वापरायच्या लॅपटॉपवर सोपा पासवर्ड आणि एसएसएच चालू, हे म्हणजे दार उघडं ठेवून राजवाड्याला फिरायला जाण्यासारखं.

स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज: राहू द्या. लहान आहे, आणि काही बिघडलं तर कमांड लाइनवर जे लागतं ते ह्यातच असतं.

मराठी, प्रिंटर, लॅपटॉपच्या बॅटरीचं काय, असं विचाराल. भाषेचं ह्या यादीत दिसतच नाही, आणि लॅपटॉप असेल तर इन्स्टॉलर स्वतः ओळखून त्याचं थोडंफार टाकतो. इथे शोधत बसू नका.

तपासा: पुढे जायच्या आधी टिका मोजा. साध्या घरच्या मशीनला तीन: वरची डेस्कटॉपची, एक डेस्कटॉप, आणि युटिलिटीज. चौथी दिसली तर ती का आहे ते स्वतःला विचारा.

७. उतरत असताना

आता वाट बघायची. टक्के मध्येच एका आकड्यावर चिकटतात, पाच-दहा मिनिटं हलत नाहीत, आणि इथे लोक पॉवरचं बटण दाबून धरतात. नका. कंट्रोल ऑल्ट एफ४ दाबा, मागे काय चाललंय त्याच्या ओळी दिसतात, ओळी सरकत असतील तर सगळं ठीक. परत यायला ग्राफिकलमध्ये कंट्रोल ऑल्ट एफ५, साध्या टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट एफ१.

लाल स्क्रीन आला, "सॉफ्टवेअर निवडून टाकणे ही पायरी फसली", तर बहुतेक वेळा नेट तुटलेलं असतं. पुन्हा सुरुवातीपासून नको. इन्स्टॉलरच्या मुख्य मेनूत जा, पॅकेज मॅनेजर कॉन्फिगरची पायरी पुन्हा करा, मग सॉफ्टवेअरची. पार्टिशनपर्यंत मागे जायची गरज नाही.

शेवटी काही मशीनवर ग्रब (चालू होताना डेबियनला उठवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायचं विचारतो, तिथे पेनड्राइव्ह नाही, आतली डिस्क निवडायची.

८. पहिल्यांदा चालू झाल्यावर

काळा स्क्रीन आणि फक्त लॉगिन असं लिहून आलं? मशीन बिघडलेलं नाही, डेस्कटॉप आलेला नाही इतकंच. लॉगिन करा, नेट आहे ना बघा, आणि सुडो स्पेस टास्कसेल टाका. तोच टिकवाला स्क्रीन परत येतो. स्पेसबार, एंटर, सगळे नियम तेच.

डीव्हीडीवरून टाकलं असेल तर काहीही इन्स्टॉल करताना "डिस्क घाला" असं म्हणत बसतं. ईटीसीमधल्या ॲप्टच्या (पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या कमांडच्या) फोल्डरात सोर्सेस डॉट लिस्ट नावाची फाईल आहे, तिच्यात डेब सीडीरॉमने सुरू होणारी ओळ असते, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. मिरर तेव्हा निवडला नसेल तर त्याची ओळ मात्र तिथे घालावी लागेल.

मग सुडो स्पेस ॲप्ट स्पेस अपडेट, आणि सुडो स्पेस ॲप्ट स्पेस फुल हायफन अपग्रेड. हे झाल्याशिवाय नवीन काही टाकू नका.

आता मराठी. इंग्रजीत इन्स्टॉल केलं असेल तर सुडो स्पेस ॲप्ट स्पेस इन्स्टॉल स्पेस टास्क हायफन मराठी हायफन डेस्कटॉप. टायपिंगसाठी तसंच आयबस हायफन एम सतरा एन हे पॅकेज टाका, सतरा आकड्यात. ग्नोममध्ये सेटिंगच्या कीबोर्डमध्ये जाऊन मराठी जोडता येतं, एक्सएफसीईमध्ये आधी आयएम हायफन कॉन्फिग चालवून आयबस निवडा, मग आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी. इन्स्क्रिप्ट येत असेल तर इन्स्क्रिप्ट, नाहीतर फोनेटिक. लॉगआउट करून परत आल्याशिवाय चालत नाही, इथे सगळे अडतात आणि तीनदा इन्स्टॉल करतात.

प्रिंटर दिसत नसेल तर कप्स आणि सिस्टिम हायफन कॉन्फिग हायफन प्रिंटर ही पॅकेजं टाका, एचपीचा असेल तर सोबत एचपीलिप.

बाकीचं? आठवडाभर वापरा. ज्या दिवशी एखादी गोष्ट अडेल त्या दिवशी तीच टाका.

९. काढताना जास्त जपून

नको असलेला एखादा मेल प्रोग्रॅम काढायला गेलात, ॲप्ट म्हणतं सोबत "ग्नोम" नावाचं पॅकेजपण जाईल. ते पॅकेज म्हणजे नुसती यादी असते, त्यामुळे गेलं तरी लगेच काही दिसत नाही. पण नंतर ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजं आपोआप काढायची ॲप्टची सोय) चालवलंत की त्या यादीच्या जोरावर आलेली बाकीची पॅकेजं आता कोणाला नकोत असं समजून ॲप्ट ती काढायला निघू शकतं, अर्धा डेस्कटॉप सुद्धा. म्हणून ऑटोरिमूव्हला वाय म्हणायच्या आधी यादी वाचा. पाच-दहा नावं असतील तर ठीक, पानभर असेल तर एन दाबा.

आणि काकांसारखे चार डेस्कटॉप टाकून बसला असाल, मशीन नवीनच आहे, अजून काही महत्त्वाचं ठेवलेलं नाही, तर एकेक काढत बसू नका. पुन्हा टाका. काकांचं मी एक्सएफसीई घालून दुपारी दीड तासात केलं, त्यातला बराच वेळ ते मला माळव्यातल्या गव्हाबद्दल सांगत होते.

सगळं मनासारखं झालं की एक शेवटचं काम. टर्मिनलमध्ये ॲप्ट हायफन मार्क स्पेस शोमॅन्युअल टाका. मुद्दाम टाकलेल्या पॅकेजांची यादी येते, काही इन्स्टॉलरने टाकलेलीही त्यात असतात. ती फाईलमध्ये ठेवा आणि पेनड्राइव्हवर कॉपी करा, पुढच्या वेळी कागदाची पाचवी ओळ लिहायला कामाला येईल.